प्लॉट विकणाऱ्यांचं नाटक घेऊन फिरताना

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, कारण प्रयोगानंतर कोणीतरी विचारतंच, की हे त्या इंग्रजी नाटकाचं रूपांतर आहे का. नाही. डेव्हिड मॅमेटचं 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' आम्ही वाचलंय, त्याच्यावरचा १९९२ चा सिनेमा तर ग्रुपमधल्या निम्म्या पोरांना पाठ आहे, आणि सुरुवात तिथूनच झाली होती, की चला हे मराठीत करू. शिकागोतले जमिनी विकणारे सेल्समन, मॅमेट स्वतः तरुणपणी तसल्या ऑफिसात काम करून आलेला, १९८३ ला लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं, १९८४ ला पुलित्झर मिळालं. पण परदेशी नाटकाचे हक्क रीतसर घ्यायचे म्हणजे एजंट, मेलामेली, डॉलरमधली रक्कम, आणि आमच्या ग्रुपच्या खात्यात तेव्हा जे होतं त्यात धड एक प्रयोग निघाला नसता. दुसरं म्हणजे हौसेने कच्चं भाषांतर करून रीडिंगला बसलो तेव्हाच कळलं की हे आपल्या तोंडात बसत नाहीये. तिथला सेल्समन हॉटेलात बसून गोल गोल बोलत माणसाला घोळात घेतो. आपल्याकडचा आधी गिऱ्हाइकाच्या पाया पडतो.

मग आमचं आम्हीच लिहिलं. आम्ही म्हणजे सांगलीतला दहा-बारा जणांचा ग्रुप, कोणी बँकेत, कोणी शाळेत, एक जण मेडिकल चालवतो. सांगलीत नाटक करतो म्हणलं की लोक लगेच विष्णुदास भावे, १८४३, सीता स्वयंवर, नाट्यपंढरी वगैरे सुरू करतात, सगळं खरंय, पण तालमीला परवडणारी जागा मागायला गेलं की पंढरी कुठे गायब होते कळत नाही. आम्ही एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये तालमी केल्या, लग्न नसेल त्या दिवशी.

नाटक एका रविवारचं आहे. ज्यांनी कधी 'साईट व्हिजिट' केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनी तुम्हाला फोन करते, तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये निघालाय, सहकुटुंब या, एसी बस, नाश्ता, जेवण सगळं आमच्याकडून. बस एखाद्या माळावर नेऊन उभी करते. तिथे चुन्याने आखलेले प्लॉट, बांबूला लावलेले रंगीत झेंडे, एक भलीमोठी कमान (कमान मात्र कायम पक्क्या बांधकामाची असते, हे बघून ठेवा), मांडव, आणि फ्लेक्सवर क्लब हाऊस, स्विमिंग पूल, डोंगर. हा डोंगर त्या तालुक्यात नसतो. भाषण होतं, मग प्रत्येक कुटुंबाला एक पोरगा किंवा पोरगी चिकटते आणि मध्येच मागून कोणीतरी ओरडतं 'प्लॉट नंबर चौदा बुक!', की सगळे टाळ्या वाजवतात, फटाक्यांची माळ फुटते. हे चौदा नंबरवाले बऱ्याचदा कंपनीचेच असतात. आजच्या आज टोकन दिलं तर जुना रेट, उद्या गुंठ्याला पन्नास हजार वाढणार. बस पाचला निघते. म्हणजे जे काय विकायचं ते पाचच्या आत.

आमचा पहिला अंक म्हणजे हे सगळं, आणि दुसरा अंक त्याच रात्री ऑफिसात, जिथे चेक मोजले जातात आणि कुठलं गिऱ्हाईक कुणाचं यावरून हे सेल्समन एकमेकांना फाडून खातात. एक सीनियर, ज्याचा महिना खाली चाललाय. एक नवीन पोरगा. एक बाई, जी सगळ्यांत जास्त विकते आणि तिला सगळ्यांत कमी इन्सेंटिव्ह मिळतो. एक मॅनेजर, जो स्वतः कधीच काही विकत नाही, फक्त लीडची, म्हणजे घेऊ शकतील अशा गिऱ्हाइकांच्या नावांची, यादी वाटतो. आणि गिऱ्हाईक म्हणून रिटायर्ड मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर मी करतो. शिवाय ग्रुपचा व्यवस्थापकही मीच, म्हणजे दुपारी हॉलवाल्याबरोबर भाड्याची घासाघीस आणि रात्री स्टेजवर गंडवून घ्यायचं.

लिहायच्या आधी आम्ही बऱ्याच लोकांना भेटलो. आत्ता काम करणारे फार बोलत नाहीत, सोडलेले मात्र बोलायला लागले की थांबत नाहीत. रेट शेवटी सांगायचा. पेन आपल्या हातात ठेवायचं नाही, बोलता बोलता त्यांच्या हातात द्यायचं. नवरा 'बायकोला विचारून सांगतो' म्हणाला की हसून म्हणायचं, काका मी वहिनींनाच विचारतो, आणि खरंच तिच्याशी बोलायला लागायचं, कारण ती नाही म्हणाली तर त्याची सुटका होते आणि हो म्हणाली तर तो अडकतो. पितृपक्षात धंदा बसतो, दसरा-पाडवा-अक्षय तृतीयेला वर्षाची कमाई. एक गृहस्थ, बरीच वर्षं हेच करून आता किराणा दुकान टाकलेले, आमच्या तालमीला यायला लागले. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, मधेच म्हणायचे, एवढं नाही बोलायचं, गप्प बसा, त्याला बोलू द्या. त्यांच्याकडून एक गोष्ट कळली ती मला अजून पचलेली नाही. जी स्कीम पुढे पूर्ण बुडाली, जमिनीचा वाद कोर्टात, पैसे गेले, त्याच स्कीममध्ये त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांना प्लॉट घेऊन दिला होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती. चांगलं वाटलं म्हणून दिला होता.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण पुढे आमचं जे भांडण झालं ते याच्यावरूनच.

प्रयोग उभा करायचा म्हणजे काय काय लागतं तेही पटकन सांगतो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे आपल्या भाषेत सेन्सॉरला पाठवायची, प्रमाणपत्र येईपर्यंत थांबायचं, त्याशिवाय नाट्यगृहवाला बोलत नाही. दुसऱ्या अंकातल्या शिव्यांची आम्हाला धाकधूक होती, पण आमच्या लोकांच्या शिव्यासुद्धा तशा मिळमिळीतच. तिकीट दोनशे रुपये. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही तेवढं एक बरं. सुरुवातीला नेपथ्य व्यवस्थित होतं, मांडव, कमान, लेव्हल्स, पण ते न्यायला वेगळा टेम्पो लागायचा आणि टेम्पोचं भाडं, डिझेल, टोल धरून तो सहज सगळ्या नटांच्या नाईटपेक्षा जास्त खायचा. (नटांची नाईट हा शब्द आमच्याकडे जरा चेष्टेनेच वापरतात, पाचशे रुपये आणि जेवण.) मग ठरवलं की ट्रॅव्हलरच्या कॅरिअरवर बसेल तेवढंच न्यायचं. दोन फोल्डिंग टेबलं, झेंड्यांच्या माळा, चुन्याची पिशवी, एक घंटा, एक गुंडाळलेला फ्लेक्स. फ्लेक्स आम्ही खऱ्या फ्लेक्सवाल्याकडूनच करून घेतला, त्याने विचारलंसुद्धा नाही नाटकासाठी आहे का म्हणून, त्याच्याकडे स्विमिंग पूल आणि डोंगर तयारच होते. एकदा पंढरपूरच्या अलीकडे चहाला थांबलो तर कॅरिअरवर फ्लेक्स अर्धा उघडा पडलेला, हॉटेलवाल्याने तो वाचून आम्हाला गुंठ्याचा रेट विचारला. आमच्यातला एक जण सांगायलाही लागला होता, त्याला ओढून गाडीत घातला.

तर भांडण. पहिले काही प्रयोग सांगली आणि पुण्यात झाले, नाट्यगृहात, नीट प्रकाशयोजना वगैरे, आणि लोक भरपूर हसले. सीनियर करणारा आमचा नट जुना आहे, स्पर्धेतली बक्षिसं वगैरे, त्याला टाळी कुठे आहे ते कळतं. मास्तर वळले की हा प्रेक्षकांकडे बघून हळूच भुवई उडवायचा, 'काका तुम्ही मला वडिलांच्या जागी' म्हणताना अर्धा सेकंद थांबायचा, की हशा. मी स्टेजवर त्याच्यासमोर बसलेला. मला काय होत होतं सांगतो, सही करायची वेळ आली की माझ्याकडे कारणच नसायचं. समोरचा चोर आहे हे पाचशे लोकांना दिसतंय, मग मास्तरांना दिसत नाही म्हणजे मास्तर मूर्ख. आणि मूर्ख माणूस फसला तर त्यात नाटक काय? दुसऱ्या अंकात जेव्हा कळतं की तो चेक पेन्शनच्या विक्रीचा होता (म्हणजे रिटायर होताना पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतात ना, तो) तेव्हा थिएटर गप्प व्हायला हवं, तिथे पुण्यात एक-दोन जण हसले.

मी म्हणलं भुवई बंद कर. तो म्हणाला लोकांना आवडतंय. दिग्दर्शक आमचा शांत माणूस, तो म्हणाला बघू. किराणा दुकानवाले काका तेव्हा होतेच, त्यांना विचारलं तर ते म्हणाले, असं केलं असतं तर माझा एकही प्लॉट विकला गेला नसता. तरी त्याने ऐकलं नाही, आणि त्याची बाजूही होती, टाळ्या कमी झाल्या की पुढचा प्रयोग कोण बोलावणार, आणि पुढचे प्रयोग विकायचे काम माझंच होतं, त्यामुळे मला फार तोंड उघडता येत नव्हतं.

सुटलं ते कोल्हापुरात, आणि ते आमच्या कुणाच्या हुशारीने नाही. आम्हाला केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग करायचा होता. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं पॅलेस थिएटर ते, आमच्या बाजूच्या प्रत्येक नाटकवाल्याला तिथे एकदा तरी उभं राहायचं असतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. फोटो बघून ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही दिवसभर. कोल्हापूरच्या मित्रांनी म्हणलं प्रयोग रद्द करू नका, आता करायलाच पाहिजे, पण नाट्यगृह म्हणून जे दुसरं होतं तिथे सगळ्यांचीच गर्दी, तारखा नाहीत. तेवढ्यात पितृपक्ष आला. पितृपक्षात लग्न-मुंज-साखरपुडा काही नाही, त्यामुळे हॉल रिकामे आणि निम्म्या भाड्यात. एका हॉटेलचा बँक्वेट हॉल मिळाला.

छत खाली, लाल कार्पेट, खुर्च्यांना सॅटिनची कव्हरं आणि मागे बो, पनीरचा वास भिंतीत मुरलेला. स्टेज म्हणजे वितभर उंचीचा पोडियम. आमचे लाईट लावायला ना बार ना पॉवर. मॅनेजर येऊन म्हणाला, 'सर, सेमिनारनंतर हाय टी पण सांगायचाय का?' आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो आम्हाला खरोखर कुठली तरी प्लॉट कंपनी समजत होता, कारण त्या हॉलमध्ये तेच होतं, रविवारी प्लॉट, शनिवारी म्युच्युअल फंड, मधल्या वारी आयुर्वेदिक पावडरवाले. दिग्दर्शक म्हणाला ट्यूबलाईट चालूच ठेवा.

मग जे सुचलं ते तासाभरात बसवलं. दारात आमची बाई प्रत्येकाला कपाळाला गंध लावून कूपन देत होती. पहिली घंटा दुसरी घंटा काही नाही, सीनियर सरळ माईक घेऊन 'नमस्कार कोल्हापूरकर' म्हणाला. 'चौदा नंबर बुक' ओरडणारे दोघं प्रेक्षकांत बसवले. मी आणि माझी नाटकातली बायको पण तिसऱ्या रांगेत, बाकीच्यांसारखे कूपन घेऊन. आणि सगळे लख्ख उजेडात, प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाला दिसतोय, सीनियर माझ्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून बोलतोय, शेजारच्या माणसाचा गुडघा त्याला लागतोय. भुवई उडवायची कुणाकडे बघून? अंधारच नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदा नुसता विकत होता. मला विकत होता, आणि मला, देवाशप्पथ, घ्यावासा वाटला.

शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझा हात धरला. मी पेन उघडलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, 'मास्तर, सातबारा बघितला का आधी?' नाटकात हे नाही. मी मास्तर म्हणूनच उत्तर दिलं की साहेब म्हणालेत झेरॉक्स देतो. त्यांनी सीनियरकडे बघितलं. तो पण कसला, एक सेकंद न थांबता म्हणाला, 'काका, तुम्ही पण या ना बघायला, सातबारा काय, तलाठ्याशी बोलणं करून देतो तुमचं.' आणि ते गृहस्थ गप्प झाले. खरंच गप्प झाले, हात सोडला. लोक अजिबात हसले नाहीत. इंटरव्हलमध्ये दोघा-तिघांनी व्यवस्थित बाजूला घेऊन विचारलं की हे ठीक आहे, पण जागा खरी कुठे आहे, रेट काय.

तेव्हापासून आम्ही नाट्यगृह मिळालं तरी पहिला अंक लाईट लावूनच करतो, आणि शक्यतो हॉलच शोधतो. सीनियरने भुवईचं नाव परत काढलं नाही, मीही काढलं नाही.

नंतर सातारा, सोलापूर, नाशिक, कुडाळ, फोंडा असं फिरलो. एक गंमत म्हणजे संहितेत गावाचं, रस्त्याचं नाव आम्ही कुठेच ठेवलं नव्हतं, सीनियर फक्त 'नियोजित महामार्ग' म्हणतो आणि हात लांब करून दाखवतो. बाकीचं लोक भरतात. नाशिकला मागून कोणीतरी 'समृद्धी' म्हणालं, तिकडे त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूला काय काय विकलं गेलंय ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात 'शक्तिपीठ' म्हणतात, तोही जरा वेगळ्या सुरात, कारण त्या रस्त्याला इथे शेतकऱ्यांचा विरोध चाललाय. पुण्यात पुरंदरचं विमानतळ. नियोजित एवढं म्हणलं की पुरतं.

सोलापूरला वकील लोक बरेच होते. मास्तर एका ठिकाणी विचारतात रेरा नंबर (म्हणजे असल्या प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) आहे का, आणि सीनियर म्हणतो, काका रेरा फ्लॅटला असतो, ही तर काळी आई आहे. यावर सोलापुरात एवढा मोठा हशा आला की मला पुढचं वाक्य द्यायला थांबावं लागलं. हे धडधडीत खोटं आहे हे तिथे बहुतेकांना माहीत होतं. प्लॉट पाडून विकायचा एवढा मोठा लेआउट असेल तर महारेराची नोंदणी लागतेच, १ मे २०१७ पासून. आणि दुसऱ्या एका तालुक्याच्या गावात, नाव नको, त्याच वाक्याला लोकांनी माना हलवल्या. पटलं म्हणून. प्रयोगानंतर तिथल्या एका बाईंनी पिशवीतून स्वतःचे कागद काढून मला दाखवले, मी मास्तर केला म्हणजे मला कळत असेल असं वाटून. एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, पण वेगळा सातबारा नाही, एका गटात बावीस जणांची नावं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, असा एकेक गुंठा शेतजमिनीतून सरसकट तोडून देता येत नाही म्हणून तर हे सामायिक नावांचं चालतं. मी त्यांना एका ओळखीच्या वकिलांचा नंबर दिला. दुसरं काय करणार, तोंडाला रंग तसाच होता.

कुडाळला मात्र आमची पार उतरली. प्रयोग चांगला झाला, लोकांनी पाठ थोपटली, चहा झाला, आणि मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, 'सगळा बरा आसा, पण ज्येची जमीन इकली तो खंय आसा नाटकात?' कोणाकडे उत्तर नव्हतं. विकणारे होते, घेणारे होते, मॅनेजर होता, पण ज्या माळावर चुना टाकलाय तो माळ आधी कोणाचा होता हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आम्ही घाटावरचे, आमच्या घरातच जमिनी विकून झालेल्या. परतीच्या वाटेवर फोंडा घाटात गाडीत यावरच चर्चा. शेवटी एक माणूस वाढवला. साईटवर जेवण वाढणारा. जमीन त्याची होती, आता तो तिथलाच वॉचमन आहे आणि रविवारी पंगतीला वाढतो. हे आम्ही दोन-तीन ठिकाणी डोळ्यांनी बघितलेलं होतं, बघून सोडून दिलेलं होतं. त्याला एकही वाक्य दिलं नाही, म्हणजे मंजूर संहितेला हात लागला नाही. मेडिकलवाला करतो ते काम. भात वाढताना प्लॉटच्या दगडाला वळसा घालून जातो फक्त.

गोव्यात, फोंड्याला, अजून वेगळं. (हा फोंडा गोव्यातला, घाटाचा नव्हे, आमच्या ड्रायव्हरचाही घोळ झाला होता.) तिथे मास्तरांविषयी कोणाला फार कळवळा आला नाही. चर्चेत एक-दोघांनी सरळच सांगितलं, की बाहेरचा माणूस पेन्शनच्या पैशाने आमच्याकडे जागा घ्यायला येतो तोच आमचा प्रश्न आहे, तुम्ही त्याला बिचारा करून काय आणलाय. 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द तीनदा आला. मी मास्तरांच्या कपड्यातच बसलो होतो, मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण बरोबरच होतं त्यांचं, कुठे उभं राहून बघतो त्यावर आहे. त्यानंतर मी मास्तर थोडा कमी बिचारा करतो, त्याला हाव आहे हे दाखवतो. रस्ता झाला की तिप्पट होणार म्हणून तो पण घेतोच आहे की, घर बांधायला थोडाच घेतोय.

आता शेवटचं, ज्याच्यावरून ग्रुपमध्ये अजून दोन पक्ष आहेत. एका शहरात एका प्लॉट कंपनीच्या मालकाने पूर्ण प्रयोगच विकत घेतला. स्टाफसाठी. कॉन्ट्रॅक्ट शो, आमच्या नेहमीच्या रकमेच्या तिप्पट, वर जाण्यायेण्याची गाडी. मी फोनवर दोनदा सांगितलं की साहेब हे नाटक तुमच्या धंद्यावर आहे आणि फार बरं बोलत नाही. ते म्हणाले माहितीये, मी बघितलंय, पोरांना दाखवायचंय. काही जणांचं म्हणणं होतं जायचं नाही. सीनियर म्हणाला जायचं. मी म्हणलं जायचं, कारण ट्रॅव्हलरवाल्याची उधारी होती.

सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून बसलेले, शंभर-सव्वाशे पोरं-पोरी. पहिला अंक म्हणजे अक्षरशः शिट्ट्या. सीनियर गुडघ्यावर बसला की टाळ्या, पेन माझ्या हातात दिलं की टाळ्या, काही जण मोबाईलवर रेकॉर्ड करत होते, एक पोरगी वहीत लिहून घेत होती. मला त्या सिनेमाची आठवण झाली, त्यातलं ॲलेक बाल्डविनचं ते गाजलेलं भाषण मूळ नाटकात नाहीच, सिनेमासाठी लिहिलंय, आणि सेल्सवाले लोक तेच भाषण ट्रेनिंगमध्ये मोटिव्हेशन म्हणून दाखवतात. दुसरा अंक सुरू झाला आणि हॉल हळूहळू थंड पडला. जिथे मॅनेजर सीनियरच्या नावावरचा मास्तरांचा चेक नवीन पोराच्या नावावर टाकतो, तिथे कोणी हललंसुद्धा नाही. त्यांचा खरा मॅनेजर फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. शेवटी टाळ्या झाल्या, सभ्य, बेताच्या.

मालकांनी श्रीफळ दिलं, शाल दिली, आणि म्हणाले, फार छान, पुढच्या महिन्यात आमची ॲन्युअल मीट आहे, तिथे पहिला अंक तेवढा कराल का? चाळीस मिनिटांत बसेल. तेवढ्याचेच पूर्ण पैसे देतो.

आम्ही नाही म्हणालो. म्हणजे ग्रुप म्हणून नाही म्हणालो. सीनियर एकटा गेला. त्याचं मत स्पष्ट आहे, त्याला त्या पाऊण तासाचे जेवढे मिळाले तेवढे आमच्याकडे वर्षभरात मिळत नाहीत, आणि घरी मुलीची फी आहे. आता तो महिन्या-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे 'क्लोजिंग'वर, म्हणजे सौदा पक्का कसा करायचा यावर, वर्कशॉप घेतो, आमचाच पहिला अंक तुकड्या-तुकड्यात वापरतो. दिग्दर्शक त्याच्याशी सध्या नाटकापुरतंच बोलतो. मला राग आहे का, आहे, पण प्रयोगात तो समोर येऊन बसला की मी अजूनही सही करतो. असा नट दुसरा मिळणार नाही हेही खरं.

त्या टी-शर्टवाल्या हॉलमधला एक पोरगा त्या रात्री सामान उचलायला मदत करत होता. झेंडे कसे गुंडाळायचे हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. नंतर फोन करून तालमीला आला, परत आला, आणि आमचा नवीन पोरगा करणारा नोकरीसाठी बंगलोरला गेला तेव्हा ते काम त्याच्याकडेच गेलं. नोकरी त्याने सोडलेली नाही. रविवारी त्याची साईट असते, त्यामुळे आम्ही आता रविवारचे प्रयोग घेत नाही, कोणाला बोलवायचं असेल तर मधल्या वारी बोलवा.